अर्ध्या औताचा संसार

सातारा म्हटलं की शाळेतल्या मुलाच्या डोळ्यांपुढे अजिंक्यतारा उभा राहतो. सांगली म्हटलं की कृष्णेचा घाट आणि गणपतीचं देऊळ. इतिहासाच्या पुस्तकात प्रतापगड आहे, छत्रपती शाहूंची राजधानी आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आहे. ते असायलाच हवं. पण या सगळ्याला ज्यांच्या घरची ज्वारी पुरली, त्या लहान शेतकऱ्याच्या दारात काय होतं, असं विचारलं तर पुस्तक गप्प बसतं. म्हणून आज तुम्हांला किल्ल्यावर न नेता गोठ्यात घेऊन जातो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी शेतीच्या दृष्टीनं हा एकच मुलूख. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा प्रदेश मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचंच नाव सांगली ठेवण्यात आलं. तेव्हा आपण बोलणार आहोत तो पाटण-जावळीच्या डोंगरापासून जत-आटपाडीच्या माळापर्यंतच्या पट्ट्याबद्दल. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला गेलं की माण, आटपाडी आणि जतच्या वाट्याला जेमतेम पाचशे येतो, तोही आला तर.

या मुलखात मुलीचा बाप सोयरीक बघायला आला, की तोंडानं विचारी, "जमीन किती?" पण नजर असायची दावणीकडे. घरात शिरताना पुढच्या सोप्यातच जनावरं बांधलेली. गव्हाणीत तोंड घालून उभा असलेला बैल पाहुण्याला घराची खरी हकीकत सांगायचा. जमीन सावकाराकडे गहाण पडलेली असली तरी दिसत नाही. बैलाची बरगडी मात्र दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपण 'बैलजोडी' हा शब्द इतक्या सहज वापरतो, की जणू प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात एक जोडी असायचीच. चित्रात तसंच असतं. खरी परिस्थिती वेगळी होती. कोरडवाहू मुलखात एक जोडी वर्षभर पोसायची, तर तिला काम आणि कडबा पुरेल एवढी जमीन हवी. सात-आठ एकरांत माणसांचं पोटच कसंबसं भरतं. तिथं दोन बैल खातात जास्त आणि राबतात कमी. डॉक्टर हॅरल्ड मॅन या शेतीतज्ज्ञांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली ती छापली. त्या गावात १७७१ साली सरासरी धारण चाळीस एकरांची होती, १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ साली उरली सात एकर. गाव पुण्याचं असलं, तरी वाटण्या साताऱ्यातही अशाच होत होत्या. भाऊ वेगळे झाले की जमिनीला बांध पडतो. बैलाला बांध कसा घालणार? जोडी होती, एक थोरल्याला गेला, एक धाकट्याला. असा हा अर्ध्या औताचा शेतकरी.

एका बैलानं नांगर चालत नाही, कुळव चालत नाही, पाभर चालत नाही. मग करायचं काय? आपल्याकडे त्यावर एक तोड होती, तिचं नाव वारंगुळा. काही गावांत पैरा म्हणतात. माझा एक बैल, तुझा एक बैल, दोघांचं मिळून एक औत. एक दिवस तुझ्या रानात, एक दिवस माझ्या. कागद नाही, साक्षीदार नाही. ऐकायला हे फार गोड वाटतं आणि व्याख्यानांतून त्याला सहकार वगैरे नावंही मिळतात. पण यात गोडवा किती आणि गरज किती, हे ज्यानं वारंगुळा केला त्यालाच ठाऊक.

पहिली अडचण बैलांचीच. दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली आले की एकाची चाल चपळ, दुसऱ्याची रेंगाळती. एक उजवीकडं जुंपायची सवय झालेला, दुसराही उजवीकडचाच. मग चार दिवस दोघांना एकमेकांची ओळख करून देण्यात जातात. उंचीत फरक असला तर जू एका बाजूला कलतं आणि ठेंगण्या बैलाच्या मानेवर भार येऊन त्याचा खांदा सुजतो. खांदा सुजला की भांडण आलंच, कारण बैल माझा आणि औत त्या वेळी तुझ्या रानात चालू होतं.

दुसरी अडचण याहून मोठी. पाऊस सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी पडतो. पेरणीला जमिनीचा वाफसा लागतो. शेतकरी त्याला घात आली म्हणतो. माळरानाच्या हलक्या जमिनीत ती घात दोन-तीन दिवसांची. त्या दोन दिवसांत आधी कुणाचं रान? ज्याचं मागं राहिलं, त्याची ओल उडाली आणि पेर वाया गेली. वारंगुळा मोडला तो बहुधा याच दिवसांत मोडला, आणि भाऊ भावाशी बोलेनासा झाला तोही याच दिवसांत. उलट जे वारंगुळे दहा-दहा वर्षं टिकले, त्यांच्यात एक अलिखित रीत असे: यंदा तुझी पेर आधी, पुढल्या साली माझी. या रीतीचा मान राखणाऱ्या माणसाला गावात किंमत होती, मग त्याची जमीन चार एकर का असेना.

ज्याला वारंगुळ्याला कोणी मिळत नसे त्याचे हाल कुत्रा खात नसे. माणदेशातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' कादंबरीत बैल एकच असलेल्या घरची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतःच्या खांद्यावर जू घेते, असा प्रसंग आहे. शहरातल्या वाचकाला तो कल्पनेतला वाटतो. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना तसा वाटत नाही.

आणि हे आपल्याकडेच होतं असंही नाही. दूर पश्चिमेला, आयर्लंडसारख्या हिरव्यागार आणि पावसाच्या देशातही लहान शेतकऱ्याच्या तबेल्यात एकच घोडा असे. तोही शेजाऱ्याच्या घोड्याशी जोडी लावून नांगरट करी, आणि या देवाणघेवाणीचा हिशेब वहीत नसून मनात असे. धर्म वेगळा, भाषा वेगळी, जनावर वेगळं. तुटपुंज्या जमिनीनं दोन्हीकडे एकच युक्ती शिकवली.

आता बैलाकडे वळू. आपल्या पट्ट्यात दोन तऱ्हांची जनावरं नावाजलेली. माण, आटपाडी, जतच्या माळाचा खिल्लार: पांढरा, अंगानं आटोपशीर, शिंगं मागं जाऊन वर वळलेली, चालीला घोड्यासारखा. आटपाडी हा औंध संस्थानाचा महाल होता, म्हणून खिल्लारातल्या एका वाणाला आजही 'आटपाडी महाल' म्हणतात. दुसरी जात कृष्णाकाठच्या काळ्या रानाची. सांगलीसारख्या दक्षिण मराठा संस्थानांच्या राजांनी एकोणिसाव्या शतकात गीर, ओंगोल, कांक्रेज अशा जातींचा संकर करून थोराड, संथ, ताकदवान बैल तयार करवला. त्याला कृष्णा व्हॅली म्हणतात. काळी जमीन हरळीनं भरली की तिथं खिल्लाराची चपळाई कामाची नाही. तिथं सहा-सहा, आठ-आठ बैलांचा लाकडी नांगर घालावा लागे. यंत्रं आली आणि या भारी जातीचं काम सरलं. आज ती फार थोडी शिल्लक आहे.

लहान शेतकरी खिल्लार बाळगी तो नुसता राबवायला नाही. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेत, म्हसवडला, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तो आदत खोंड विकत घेई, म्हणजे दुधाचे दात असलेला. घरी आणून त्याला वळण लावी, हलक्या कामाला जुंपे. दुसा झाला, चौसा झाला, म्हणजे दोन-चार पक्के दात आले, की चांगल्या किमतीला विकून पुन्हा एक आदत घेई. मधल्या फरकात पोरीचं लग्न निघे. दात बघून वय ओळखायची ही विद्या शाळेत शिकवत नाहीत, पण तिच्यात चुकणाऱ्याचं वर्ष बुडे. आणि सौदा उघड्यावर बोलून होत नसे. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून आकडा सांगत, वरून मात्र दोघांचे चेहरे कोरे.

बैलाच्या पोटाचा विचार पिकाच्या पेरणीतच व्हायचा, ही गोष्ट शिक्षकमंडळींनी मुलांना जरूर सांगावी. शेतकरी उंच वाढणारा शाळू पेरी, तो दाण्याइतकाच कडब्यासाठी. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी अजून टिकून आहे, त्याचं कारण हेच: भाकरीही चांगली आणि कडबाही. १९६४ साली सीएसएच-१ नावाची संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट बुटकं. अधिकारी दाण्याचा हिशेब मांडत होते, शेतकरी पेंढ्या मोजत होता. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याच्या गोठ्यात डोकावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बागायतीचं सारं ओझंही बैलांच्याच मानेवर. विहिरीवर मोट चालायची. पहाटे चांदणी असतानाच जुंपायची. बैल धावेवरून खाली जात, नाडा ताणला जाई, भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात पाणी ओती. मग त्याच बैलांनी उलट्या पावलांनी, पाठमोरं, धाव चढून विहिरीशी यायचं. ती उलटी चाल पाहिली म्हणजे जनावराची शहाणीव कळते. नाड्यावर बसलेला मोटकरी गळा सोडून गाई. त्यात हौस होती, आणि बैलांना ताल सापडे हाही भाग होता. दिवसभर मोट हाकून भिजायचं ते वावभर रान. आज बटण दाबलं की तेवढं रान न्याहारीच्या आत भिजतं.

पण या मोटेची एक बाजू सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. मोटेचं कातडं कमावून शिवायचा तो चांभार. नाडा, कासरा, वेसण, दावं वळायचा तो मातंग. नांगराचं लाकूड घडवायचा सुतार आणि फाळ शेवटायचा लोहार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून या बलुत्याचा सगळा हिशेब मांडून ठेवला आहे. खळ्यावर पेंढ्यांच्या रूपानं बलुतं मिळे, ते सर्वांना सारख्या मानानं मिळे असं मात्र नाही. आणि जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम गावानं महार समाजावर लादलेलं होतं. बेंदराला ज्या बैलाची पूजा झाली, तोच मेला की त्याला हात लावणारा माणूस अस्पृश्य! साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचं नाव दाखल झालं, त्या डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृतमांस खाणं सोडा, हलकी मानलेली कामं सोडा, असं आपल्या बांधवांना सांगितलं, ते याच व्यवस्थेवर बोट ठेवून. महारकीची वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. गोठ्याचा इतिहास सांगायचा तर हा भाग वगळून सांगता येणार नाही.

घरातल्या बाईचं जनावर वेगळं. बैल पुरुषाचा, म्हैस बाईची. खिल्लार गाईचं दूध वासरापुरतंच, म्हणून घरच्या दुधाला लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस. धार काढायची, विरजण लावायचं, लोणी कढवायचं, तूप बाजारात धाडायचं आणि पोरांना ताक द्यायचं. तुपाचे पैसे मीठमिरचीला आणि बांगड्यांना. ज्या घरात म्हैसही झेपत नसे, तिथं एखादी शेळी, तीही पुष्कळदा अर्धलीनं आणलेली: करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी पाळणाऱ्याची. शेणाचं काम तर सगळं बाईचंच. त्यातही ओढाताण होती. शेण उकिरड्यात टाकलं तर रानाला खत, थापलं तर चुलीला शेणी. जळण मिळेनासं झालं तसं शेण चुलीत गेलं आणि रान उपाशी राहिलं. मग दिवाळीनंतर धनगराची मेंढरं रानात बसवायची आणि त्याला धान्य द्यायचं. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या-मुताचं खत आयतं मिळे.

जळण आणि चराई का आटली, हे महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये खडसावून लिहिलं. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, तेव्हा हा माळ त्यांच्या घराण्याच्या ओळखीचा. जंगल खात्यानं डोंगर, गायरानं ताब्यात घेतली, जनावरांना चरायला जागा उरली नाही, बैलांची पैदास खुरटली, हे त्यांनी त्या वेळीच दाखवून दिलं.

त्याआधी आठ वर्षं, १८७५ साली, पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. पुढे १९०८ च्या दिवाणी कायद्यात कलम ६० आलं. शेतकऱ्याला पोट भरण्यासाठी लागणारी जनावरं, अवजारं आणि बी-बियाणं कर्जापोटी जप्त करता येत नाही, असं त्यात आहे. चांगला कायदा. पण कोर्टाचा बेलिफ बैल सोडून नेऊ शकत नसला, तरी शेतकरी आपल्या हातानं तो बाजारात सोडतो, त्याला कायदा काय करणार? १८७६-७७ चा दुष्काळ असो, १८९९-१९०० चा असो की १९७२ चा. दुष्काळात कडब्याचा भाव चढतो आणि बैलाचा उतरतो. ज्यानं शंभराचा बैल वीसला विकला, त्याला पुढच्या पावसाळ्यात शंभराला बैल कुठून मिळणार? दुष्काळ सरला तरी तो घरात राहतो, तो असा. २०१२-१३ साली माण, खटाव, आटपाडी, जतकडे चारा छावण्या उघडल्या, तेव्हा घरातलं एक माणूस जनावरांबरोबर छावणीत राहायला गेलं. तिथंच चूल मांडली, पण दावण मोडू दिली नाही. ही पिढ्यांची ठेच होती.

नव्या युगाची पावलं याच मुलखात उमटली. औंधच्या महाराजांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर त्यांनी त्याआधीच करायला घेतला होता; लोखंडानं जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, असं सांगतात. हे नांगर विकत गावोगाव हिंडणारा एक तरुण पुढं १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढतो, आणि आपण त्याला कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखतो. नांगर विकताना बांधावर बसून त्यांनी जो शेतकरी पाहिला, त्याच्याच पोरांसाठी ती वसतिगृहं निघाली, हे शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखं आहे.

लोखंडी नांगरालाही बैल लागत होते. मोटेची धाव मोडली ती ऑइल इंजिनानं आणि नंतर विजेच्या पंपानं. ट्रॅक्टर आला, आणि मग एक-एक दावण रिकामी होत गेली. बैलाच्या जागी आता पुष्कळ दारांत जर्सीच्या संकराच्या गाई आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायचं काम आहे. उसाच्या भागात त्यांना वाडं मिळतं, माळावर मात्र चारा विकतच आणावा लागतो. आषाढातला बेंदूर अजून होतो. खांदेमळणी, हिंगूळ, झूल, पुरणपोळी. पण कित्येक घरांत मातीच्या बैलांवर भागवावं लागतं. खिल्लाराला नवी किंमत आली ती शर्यतीमुळं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंद केलेल्या बैलगाडा शर्यती २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या, २०२३ साली घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला, आणि चांगल्या खोंडाचे भाव लाखांत गेले. तो बैल नांगराला मात्र कोणी जुंपत नाही.

चार एकरांच्या माणसाला ट्रॅक्टर घेणं परवडत नाही, तो भाड्यानं आणतो. मृगाचा पाऊस पडला, घात आली, की ट्रॅक्टरवाल्याच्या दारात पहाटेपासून माणसं उभी असतात. कोणाचा नंबर आधी, यावरून आवाज चढतात. ज्याचं रान मोठं त्याच्याकडं ट्रॅक्टर आधी जातो, आणि मागं राहिलेला माणूस बांधावर उभा राहून उडणाऱ्या ओलीकडं बघत राहतो.